डिपेश मोडची दुर्मीळ कॅसेट सिंगल्स कशी जमवावीत: यादीपासून कपाटापर्यंत

डिपेश मोड या ब्रिटिश बँडच्या बारा इंची रेकॉर्ड्स जमवणाऱ्यांची आता बरीच सोय झाली आहे. सिंगल्सचे, म्हणजे अल्बममधलं एखादं गाणं स्वतंत्रपणे विकणाऱ्या छोट्या आवृत्त्यांचे, सीडी बॉक्स केव्हाच निघाले आणि २०१८ पासून बारा इंची सिंगल्सही संचाच्या रूपात पुन्हा छापली गेली. जुन्या कॅसेट सिंगल्सचा मात्र तसा संच निघालेला नाही. त्या काळी जी निघाली तेवढीच जगात आहेत, आणि त्यातलीही बरीचशी गाडीच्या डॅशबोर्डवर, दप्तराच्या तळाशी किंवा कचऱ्यात संपली. सिंगल ही स्वस्तात घ्यायची आणि पुढचा अल्बम येईपर्यंत वाजवायची वस्तू होती, त्यामुळे कुणी ती जपून ठेवली नाही.

या छंदात सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॅसेट टिकते, पुठ्ठा टिकत नाही. प्लॅस्टिकच्या कवचातली फीत पस्तीस वर्षांनीही बहुतेक वेळा ठणठणीत वाजते. चुरगळतं, फाटतं, हरवतं ते वरचं छापील कागदी वेष्टन. म्हणून कॅसेट सिंगल दुर्मीळ ठरतं ते बव्हंशी वेष्टनामुळे. शोध, खरेदी, पार्सल, साठवण या सगळ्याची शिस्त त्यावरूनच ठरते.

थोडी पार्श्वभूमी

फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली, पण तिच्यावर सिंगल काढायची कल्पना बरीच उशिरा आली. जुलै १९८० मध्ये ईएमआयने बाउ वाउ वाउ या ब्रिटिश बँडचं सिंगल कॅसेटवर काढलं, ते जगातलं पहिलं कॅसेट सिंगल मानलं जातं. हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेत १९९० मध्ये आठ कोटींहून जास्त कॅसेट सिंगल्स दुकानांत गेली. डिपेश मोडचा सगळ्यात तेजीचा काळ नेमका हाच. ‘पर्सनल जीझस’ ऑगस्ट १९८९ मध्ये आलं, ‘एन्जॉय द सायलेन्स’ फेब्रुवारी १९९० मध्ये आणि ‘व्हायोलेटर’ अल्बम त्याच मार्चमध्ये. संग्राहकाच्या दृष्टीने कॅसेट सिंगल्सचा गाभा इथेच आहे.

आधी हद्द ठरवा

‘डिपेश मोडचं कॅसेटवरचं सगळं’ ही हद्द होऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये म्यूट, अमेरिकेत सायर, जर्मनीत इंटरकॉर्ड अशा वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या देशांत त्यांचं संगीत काढत होत्या. त्याशिवाय प्रचारप्रती, नमुनाप्रती, विनापरवाना प्रती आहेतच. सुरुवातीला एकच देश किंवा एकच अल्बमचा काळ निवडा. माझ्या मते ‘व्हायोलेटर’ची चार सिंगल्स, म्हणजे ‘पर्सनल जीझस’, ‘एन्जॉय द सायलेन्स’, ‘पॉलिसी ऑफ ट्रुथ’ आणि ‘वर्ल्ड इन माय आइज’, ही सगळ्यात चांगली सुरुवात. ती सापडण्याजोगी आहेत, त्यांची नोंद नीट झालेली आहे, आणि ती जमवता जमवता पुढे लागणारं जवळजवळ सगळं ज्ञान हाताशी येतं. एका गाण्याच्या ब्रिटिश आणि अमेरिकन प्रती शेजारी ठेवल्या की छपाई, कवच, वेष्टनाची घडी यांतला फरक जितका कळतो तितका कुठल्याही वर्णनातून कळत नाही.

क्रमांक वाचायला शिका

हे काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. म्यूट रेकॉर्ड्स ही डॅनियल मिलर यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली कंपनी. तिने १९८२ च्या ‘लीव्ह इन सायलेन्स’पासून डिपेश मोडच्या सिंगल्सना स्वतंत्र मालिका दिली, तिचं नाव बाँग. ‘लीव्ह इन सायलेन्स’ बाँग १, ‘पर्सनल जीझस’ बाँग १७, ‘एन्जॉय द सायलेन्स’ बाँग १८, असा क्रम पुढे जातो. कोणती प्रत कोणत्या माध्यमावर आहे ते क्रमांकाआधीच्या अक्षरांवरून कळतं. नुसतं बाँग म्हणजे सात इंची रेकॉर्ड. आधी १२ असेल तर बारा इंची. त्याआधी एल लागला की मर्यादित आवृत्ती. सीडी म्हणजे सीडी, पी म्हणजे प्रचारप्रत आणि सी म्हणजे कॅसेट. तेव्हा ‘पर्सनल जीझस’चं ब्रिटिश कॅसेट सिंगल म्हणजे सीबाँग १७. एकदा ही भाषा अंगवळणी पडली की विक्रेत्याने काहीही लिहिलेलं असो, वस्तू काय आहे ते तुम्हाला कण्यावरच्या, म्हणजे वेष्टनाच्या अरुंद कडेवरच्या, क्रमांकावरून कळतं. (डिपेश मोडचा एक संस्थापक व्हिन्स क्लार्क याचा नंतरचा बँड इरेजर हाही म्यूटवरच होता. त्यांच्या कॅसेटना सीम्यूट हे अक्षरचिन्ह असायचं. म्हणजे हे ज्ञान एका बँडपुरतंच राहत नाही.)

अमेरिकेत सायर ही वॉर्नरच्या छत्राखालची कंपनी, म्हणून तिथे वॉर्नरची पद्धत लागू होते. मूळ क्रमांक सारखाच राहतो आणि माध्यम एका अंकाने दाखवलं जातं: कॅसेटला ४, सीडीला २, एलपीला १, सात इंचीला ७. ‘पर्सनल जीझस’चा मूळ क्रमांक १९९४१. त्याच्या जोडीला ४ दिसला की ते दोन गाण्यांचं साधं कॅसेट सिंगल. रिमिक्सेस असलेलं मॅक्सी सिंगल हा वेगळा प्रकार असतो आणि त्याचा मूळ क्रमांकही वेगळा असतो. नवखे लोक या दोहोंची हमखास गल्लत करतात आणि साध्या सिंगलला मॅक्सीची किंमत मोजतात.

आता वही घ्या किंवा तक्ता उघडा आणि तुमच्या हद्दीतलं प्रत्येक सिंगल लिहून काढा: देश, कंपनी, क्रमांक, बाजूवार गाणी, वेष्टनाचा प्रकार, बारकोड. डिस्कॉग्स हा संग्राहकांनी मिळून उभा केलेला माहितीसाठा २००० पासून चालू आहे. तिथे गाण्याच्या मुख्य पानावर जाऊन माध्यमाच्या गाळणीत कॅसेट निवडली की सगळ्या नोंदलेल्या आवृत्त्या समोर येतात. यादी तयार होईपर्यंत एकही वस्तू विकत घेऊ नका.

वेष्टन ओळखा

अमेरिकन कॅसेट सिंगल्स बहुधा पुठ्ठ्याच्या पट्टीत यायची. कॅसेटभोवती गुंडाळलेली, वर-खाली दोन्हीकडून उघडी अशी ही पट्टी. संग्राहक तिला ओ-कार्ड म्हणतात. आत प्लॅस्टिकची डबी नसतेच. त्यामुळे कॅसेट आतबाहेर करताना दोन्ही कडा घासतात, कोपरे पांढरे पडतात आणि शेवटी चिकटवलेला जोड सुटतो. ब्रिटनमध्ये एका बाजूने उघडं असलेलं पुठ्ठ्याचं पाकीटही चालायचं आणि नेहमीच्या प्लॅस्टिकच्या डबीत घडीचा कागद घालूनही सिंगल्स निघायची. डबीतला कागद, म्हणजे जे-कार्ड, बऱ्यापैकी टिकतो. चांगल्या अवस्थेतलं ओ-कार्ड मात्र खरोखर कमी सापडतं. दोन प्रतींत निवड करायची वेळ आली तर मी नेहमी चांगल्या पुठ्ठ्याची आणि थोड्या झिजलेल्या कॅसेटची प्रत घेते. कॅसेटचं कवच बदलता येतं, पुठ्ठा बदलता येत नाही.

वेष्टनावर आरपार भोक किंवा कण्यावर करवतीची खाच दिसली तर तो दुकानातून परत गेलेला, सवलतीत काढलेला माल. त्यात लबाडी काही नाही, पण किंमत कमी व्हायला हवी. सोनेरी शिक्क्यात ‘केवळ प्रसिद्धीसाठी’ अशा अर्थाचा मजकूर असेल तर ती रेडिओला किंवा दुकानांना पाठवलेली प्रत. हा शिक्का नेहमीच्या प्रतीवर मारलेला आहे की प्रत मुळातच वेगळी छापलेली आहे, हे आधी पाहा. नुसत्या शिक्क्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

कुठे आणि कसं शोधायचं

डिस्कॉग्सचा बाजार आणि ईबे या दोन मोठ्या जागा. डिस्कॉग्सवर हव्या असलेल्या आवृत्त्यांची यादी करून ठेवता येते आणि त्यातलं काही विक्रीला आलं की कळवलं जातं. ईबेवर शोधताना गाण्याचं नाव आणि ‘कॅसेट सिंगल’ एवढ्यावर थांबू नका. बरेच अमेरिकन विक्रेते ‘कॅसिंगल’ लिहितात, काही नुसतं ‘टेप’ लिहितात, काही बँडच्या नावाचं स्पेलिंग चुकवतात. डिपेश मोडच्या नावात तर चुकायला भरपूर वाव आहे. चुकीच्या स्पेलिंगखाली पडून असलेल्या वस्तूंना गिऱ्हाईक कमी असतं. नुसता क्रमांक टाकूनही शोधा.

यापेक्षाही चांगला मार्ग म्हणजे एकगठ्ठा कॅसेट्स. ‘नव्वदच्या दशकातल्या कॅसेट्स, खोकं भरून’ अशा जाहिरातीतला फोटो मोठा करून कणे वाचा. विक्रेत्याला ते सुटे विकायचे नसतात आणि त्यात काय आहे हे त्याने बहुधा पाहिलेलंही नसतं. जुन्या रेकॉर्डच्या दुकानांतही काउंटरवर सिंगल्स मागण्याऐवजी खालच्या खोक्यांतल्या कॅसेट्स पाहू द्या, असं विचारा.

काही वस्तू मुळात दुकानात विकल्याच गेल्या नाहीत. २० मार्च १९९० रोजी लॉस एंजेलिसमधल्या व्हेअरहाउस या दुकानात डिपेश मोड सह्या द्यायला बसले आणि हजारो चाहत्यांची झुंबड उडाली. दंगल होण्याच्या बेतात कार्यक्रम बंद करावा लागला, चेंगराचेंगरीत काहीजणांना दुखापत झाली. त्यानंतर बँडने दिलगिरी म्हणून एक मर्यादित कॅसेट काढली आणि ती केआरओक्यू या स्थानिक रेडिओ केंद्रामार्फत तिथल्या चाहत्यांना वाटली. ती काटेकोरपणे सिंगल नाही, पण बँडच्या कॅसेट-संग्रहात तिला वेगळा मान आहे आणि तिच्यामागची हकिगत ज्याला ठाऊक आहे तोच ती खोक्यात ओळखू शकतो.

पूर्व युरोपातल्या कॅसेट्सचंही वेगळं प्रकरण आहे. ७ मार्च १९८८ रोजी हा बँड पूर्व बर्लिनमध्ये वाजवून आला. पोलादी पडद्याआड त्यांचे चाहते उदंड होते, पण अधिकृत प्रती सहज मिळत नसत. पोलंडमध्ये १९९४ चा कॉपीराइट कायदा येईपर्यंत विनापरवाना कॅसेट्स उघडपणे विकल्या जायच्या. कुणी अशी कॅसेट ‘दुर्मीळ पोलिश सिंगल’ म्हणून विकत असेल तर ती अधिकृत नाही हे जाणून घ्या. इतिहासाचा पुरावा म्हणून ठेवायला मला त्या आवडतात, पण वेगळ्या कप्प्यात.

पैसे देण्याआधी मागायचे फोटो

कॅसेट सिंगल्सच्या बाबतीत सरसकट बनावट प्रतींपेक्षा जुळवाजुळवीचा धोका जास्त असतो. योग्य वेष्टनात भलतीच कॅसेट, किंवा खऱ्या कॅसेटला रंगीत छायाप्रत काढलेला कागद. म्हणून विक्रेत्याकडून हे फोटो मागा: वेष्टनाच्या चारही बाजू, कणा जवळून, कॅसेटच्या दोन्ही बाजू वेष्टनातून बाहेर काढून, आणि फीत दिसते ती खालची उघडी कड.

फोटोत पाहायचं ते असं. वेष्टनावरचा आणि कॅसेटवरचा क्रमांक एकच असला पाहिजे. कवचावर थेट छपाई आहे की कागदी लेबल, ते तुमच्या यादीतल्या नोंदीशी ताडून पाहा. बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या, ठिपक्याठिपक्यांच्या दिसल्या तर छायाप्रतीचा संशय घ्या. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात. छापील, म्हणजे कंपनीने गाणी भरून विकलेल्या, कॅसेटवर त्या उघड्या असतात, म्हणजे तिच्यावर ध्वनिमुद्रण होऊ शकत नाही. त्यांवर चिकटपट्टी किंवा तिचा डाग दिसला तर कुणीतरी वरून काहीतरी रेकॉर्ड केलेलं असण्याची दाट शक्यता आहे. खिडकीतून दिसणाऱ्या गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. वस्तू कितीही दुर्मीळ असली तरी ती कॅसेट डेकमध्ये घालायची नाही, हे मनाशी पक्कं करूनच किंमत ठरवा.

डिस्कॉग्सवर कॅसेटच्या आणि वेष्टनाच्या अवस्थेचा शेरा वेगवेगळा दिलेला असतो. कॅसेट बहुतेक वेळा वाजवून न पाहताच विक्रीला लावलेली असते, त्यामुळे त्या शेऱ्यावर फार विसंबू नका. वेष्टनाचा शेरा फोटोशी पडताळा. किंमत रास्त आहे का ते कळायला त्या पानावरचे मागच्या विक्रीचे किमान, मध्य आणि कमाल आकडे पुरेसे आहेत. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची गाळणी लावा. मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे.

पार्सल

विक्रेत्याला दोन ओळी लिहा: कॅसेट पुठ्ठ्याच्या वेष्टनातून बाहेर काढून वेगळी ठेवा आणि रिकामं वेष्टन दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवा. कॅसेट आत ठेवून पाठवली की वाटेत ती हिंदकळते आणि आतून कडा फाडते. पाकीट नको, खोकं हवं. जास्तीचे पैसे लागले तर द्या. सीलबंद प्रत असेल तर अर्थातच ती तशीच येणार. मग खोक्यात ती हलणार नाही एवढं पाहायला सांगा.

हातात आल्यावर

आधी काहीही वाजवू नका. कॅसेट उजेडात धरा आणि खालच्या कडेच्या मधोमध फितीच्या मागे असलेलं छोटं लोकरी पॅड पाहा. हे पॅड फीत डेकच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतं. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा डिंक वाळतो आणि ते पडतं किंवा सरकतं. पॅडशिवाय वाजवली तर आवाज दबका, मधूनच गायब होणारा येतो आणि लोक फीत खराब झाली म्हणून कॅसेट टाकून देतात.

मग षट्कोनी पेन्सिल चाकात घालून हाताने फीत दोन्ही दिशांना थोडी फिरवा. अडखळत असेल तर जोर लावू नका. सिंगलची फीत फार आखूड असते. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने धावते, म्हणजे चार मिनिटांच्या बाजूला जेमतेम साडेअकरा मीटर फीत लागते. डेकची फास्ट फॉरवर्डची मोटर एवढी फीत काही सेकंदांत संपवते आणि टोकाला हिसका बसतो. जुन्या कॅसेटमध्ये रंगीत किंवा पारदर्शक लीडर (फितीच्या टोकाची कोरी पट्टी) आणि फीत यांचा जोड नेमका तिथेच सुटतो. म्हणून सिंगल कधीच फास्ट फॉरवर्ड करू नका. उलटायची असेल तर पूर्ण बाजू वाजवून संपवा. बऱ्याच सिंगल्सच्या दोन्ही बाजूंना तीच गाणी असतात, त्यामुळे एरवीही गुंडाळायची गरज पडत नाही.

डेक स्वच्छ हवा. हेड आणि धातूचा फिरता दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, रबरी चाक कोमट पाण्याने ओलसर केलेल्या काडीने. पूर्ण कोरडं झाल्यावर एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट आधी वाजवून पाहा. डेकने ती खाल्ली तर तुमचं सीबाँग १८ वाचलं. वेष्टनावर डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर कमी करणाऱ्या पद्धतीचं, चिन्ह असेल तर डेकवर डॉल्बी बी चालू करा, नाहीतर आवाज गरजेपेक्षा टोकदार येतो. क्रोम फितीच्या छापील कॅसेट्सचं एक वैशिष्ट्य असं की त्यातल्या अनेक साध्या फितीच्या, म्हणजे १२० मायक्रोसेकंदांच्या इक्वलायझेशनवर (उंच-खालच्या स्वरांच्या समतोलाच्या मांडणीवर) मुद्रित केलेल्या असतात. डेकवर हाताने निवड करता येत असेल तर ‘क्रोम’ हा शब्द वाचून घाईने बटण दाबण्याआधी दोन्ही स्थितींत ऐकून पाहा.

दुरुस्ती

पॅड पडलं असेल किंवा जोड सुटला असेल तर कवच उघडावं लागतं. पाच स्क्रूंचं कवच असेल तर सोपं: आडवं ठेवून स्क्रू काढा, वरचं झाकण सरळ उचला आणि काहीही हलवण्याआधी फोटो काढा. फितीचा मार्ग, दोन बाजूंचे छोटे रोलर, वर-खालचे पातळ पत्रे हे सगळं परत तसंच बसवायचं असतं. सुटलेला जोड कॅसेटसाठी मिळणाऱ्या जोडपट्टीनेच चिकटवा. घरातली चिकटपट्टी उष्णतेने पाझरते आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटते. वितळवून जोडलेलं कवच फोडावंच लागतं. अशा वेळी फीत नव्या स्क्रूच्या कवचात हलवा, पण छापील जुनं कवच टाकू नका. ते वेष्टनासोबत ठेवा, कारण क्रमांक त्याच्यावर आहे.

एकदाच, नीट मुद्रण करा

प्रत्येक सिंगल मी एकदा संगणकात उतरवून घेते आणि नंतर ऐकायला तीच फाइल वापरते. २४ बिट आणि ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर चालतं. आवाजाची पातळी लाल रेषेच्या बरीच खाली ठेवा आणि मूळ फाइलवर गाळण्या लावू नका. सिंगलवरच्या काही आवृत्त्यांचं संपादन अल्बमपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे फाइलच्या नावात क्रमांक आणि बाजू लिहायला विसरू नका.

साठवण

पुठ्ठ्याच्या प्रत्येक वेष्टनाला मापाचं पॉलिप्रोपिलीनचं पारदर्शक पाकीट घाला. पीव्हीसीचं नको, त्यातली रसायनं छपाईला चिकटतात. ओ-कार्डमधली कॅसेट मी बाहेर काढून साध्या डबीत ठेवते आणि पुठ्ठा त्याच पाकिटात सपाट, आत मापाचा आम्लमुक्त कागद घालून. म्हणजे रोजच्या हाताळणीत कडा घासण्याचा प्रश्नच उरत नाही. सीलबंद प्रतींचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं आवळत जातं. पुठ्ठा वाकायला लागलेला दिसला तर सील जपण्याचा हट्ट सोडा आणि धारदार पात्याने मागच्या बाजूने ते चिरा.

कॅसेट्स उभ्या ठेवा, स्पीकर आणि मोटरपासून दूर, थेट उन्हापासून लांब. तापमान वीस अंशांच्या आसपास आणि दमटपणा चाळीस टक्क्यांजवळ असेल तर उत्तम. तेवढं जमत नसेल तर तापमान-दमटपणात रोजचा चढउतार होणार नाही एवढं तरी सांभाळा. दमट हवेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. वर्षातून एकदा प्रत्येक कॅसेट नेहमीच्या वेगाने टोकापर्यंत वाजवून ठेवा. त्याने वेढे एकसारखे बसतात.

सुरुवातीला केलेल्या यादीत आता तुमच्या प्रतीची माहिती भरा: कुणाकडून, किती किमतीला, कोणत्या अवस्थेत, काय दुरुस्त केलं. तुमच्या प्रतीवरची छपाई किंवा कवचाचा रंग डिस्कॉग्सवरच्या नोंदीशी जुळत नसेल तर ती वेगळी आवृत्ती असू शकते. दोन्ही बाजूंचे, कण्याचे आणि बारकोडचे स्वच्छ फोटो काढून नवी नोंद करा आणि फरक कोणता ते टिपेत लिहा. यादीतल्या बऱ्याच कॅसेट आवृत्त्यांना आजही एकच अंधुक फोटो आहे.